शेवटच्या नळाचं पाणी

मृग लागायच्या सुमारास विदर्भातल्या घराघरात सोयाबीनची उगवण तपासली जाते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाण्याचा हबका मारायचा आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर बियाणं जास्त पेरायचं नाहीतर बदलायचं. पोत्यावरच्या छापील आकड्यावर कोणी शेतकरी विसंबत नाही.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात टीसीएलचं, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लिचिंग पावडरचं पोतं पडलेलं असतं. मार्चमध्ये आलेलं, तोंड सुतळीनं बांधलेलं, पत्र्याच्या छपराखाली अख्खा मे महिना काढलेलं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल, ते सांगायला नको. या पोत्याची उगवण मात्र कोणी मोजत नाही. पाऊस पडतो, नळाला गढूळ पाणी येतं, कोणीतरी म्हणतं की औषध टाका, आणि त्या पोत्यातली पावडर टाकीत जाते. टाकल्याचं समाधान मिळतं. पाणी निर्जंतुक झालं का, हा प्रश्न तिथेच राहतो.

ताज्या मालात साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो आणि जंतू मारण्याचं काम तोच करतो. बाकीचा बहुतेक भाग चुना. ऊन, उजेड आणि दमट हवा या तिन्हींनी क्लोरीन उडून जातो, चुना तेवढा उरतो. दिसायला पावडर तशीच पांढरी राहते, म्हणून फसगत होते. चांगली पावडर मोकळी, कोरडी असते आणि झाकण उघडताच नाकात झोंबते. गोळे झाले, हाताला ओलसर लागली, वास मंदावला, तर ती गेली समजावं. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. नमुना पोत्याच्या वरच्या थरातून न घेता मधून घ्यावा, घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत भरून आरोग्यसेवकाकडे द्यावा. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली आला तर ती पावडर पिण्याच्या पाण्यासाठी वापरायची नाही. वर्षभराचा साठा एकदम घेण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांपुरता घ्यावा, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या ड्रममध्ये ठेवावा, ड्रमखाली लाकडी फळी असावी. आणि मोटारीच्या स्टार्टरच्या खोलीत तो कधीच ठेवू नये. ती वाफ तांब्याच्या तारा आणि पत्रा दोन्ही खाते, मग ऐन पावसाळ्यात स्टार्टर दगा देतो.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम चांगली टीसीएल. ५० हजार लिटरची टाकी असेल तर २५० ग्रॅम. पण पावडर २२ टक्क्यांवर आली असेल तर तेच काम करायला ३७५ ग्रॅम लागते. टक्केवारी माहीत नसताना मुठीनं टाकणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक छोटा वजनकाटा हवा. तोही जमत नसेल तर एकदा किराणा दुकानात नेऊन एका ठरलेल्या कपात किती ग्रॅम मावते ते मोजावं आणि कपावर खूण करावी.

टाकण्याची पद्धत मात्रेइतकीच महत्त्वाची. कोरडी पावडर थेट टाकीत ओतली की चुना तळाशी बसतो, क्लोरीनही नीट मिसळत नाही. काही ठिकाणी पावडर फडक्यात बांधून टाकीत लोंबकळत सोडतात. पुरचुंडीच्या बाहेरचा थर लवकरच चुन्यानं बुजतो आणि आतली पावडर कोरडीच राहते. बरोबर रीत अशी: प्लॅस्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपर्यंतच पावडर घ्यायची, थोडं पाणी घालून बेसनाच्या पिठासारखी गुठळ्या मोडून कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून लाकडी काठीनं ढवळायची. दहा मिनिटं हलवायची नाही. चुन्याचा साका खाली बसतो, वर हिरवट झाक असलेली निवळी दिसते. ती निवळी दुसऱ्या बादलीत हलकेच ओतून घ्यायची, साका फेकायचा, पण विहिरीजवळ नाही. २५० ग्रॅमसाठी तीन बादल्या होतात. टाकी भरायला लागली की पडत्या धारेत निवळी सोडायची म्हणजे पाण्याच्या उसळीनं आपोआप मिसळते. टाकी भरल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबून मग व्हॉल्व्ह उघडायचा. गर्दी करून लगेच पाणी सोडलं तर पहिल्या घरांना तीव्र वासाचं, पण न मुरलेलं पाणी मिळतं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीनं निवळून घेणं भाग आहे, कारण गाळाच्या कणांत जंतू दडून राहतात आणि क्लोरीन गाळावरच खर्च होतो.

हे सगळं करणारा माणूस म्हणजे गावाचा जलसुरक्षक. गंजलेल्या लोखंडी शिडीवरून एका हातात बादली घेऊन तो टाकीवर चढतो. तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत, डोळ्यांवर चष्मा नाही. मानधन तुटपुंजं, तेही कधी वेळेवर नाही. टाकी भरणाऱ्या नळावर खालीच द्रावण सोडायची सोय करणं फार खर्चाचं काम नाही. एक प्लॅस्टिकची टाकी, एक कॉक, थेंबांचा वेग राखणारी नळी. ही नळी चुन्यानं वारंवार चोंदते, म्हणून द्रावण गाळून निवळूनच भरावं आणि नळी आठवड्याला धुवावी. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या निधीतला पाण्याचा वाटा अशाच कामांसाठी आहे. गावाच्या कमानीवर खर्च करणाऱ्या पंचायतीनं आधी ती शिडी पाहावी, असं मनापासून वाटतं.

आता टाकी सोडून गावाच्या शेवटाकडे जाऊ. यवतमाळच्या कोलाम पोडावर, गोंदियाकडच्या एखाद्या टोलीवर किंवा कोणत्याही गावाच्या शिवाराकडच्या वस्तीत, जिथे पाइपलाइन संपते तिथला नळ. टाकीखालच्या नळाला क्लोरीन सापडणारच, आत्ताच तर टाकला. मोजायचा तो इथे. ओटी टेस्ट म्हणजे उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायची चाचणी. तिची काचेची नळी त्याच पाण्यानं दोनदा विसळायची, खुणेपर्यंत भरायची, किटवर सांगितले तेवढे थेंब टाकायचे, हलवायची आणि पांढऱ्या कागदासमोर धरून लगेच रंग पाहायचा. लिंबाच्या सालीसारखा फिकट पिवळा आला तर ठीक. गडद नारिंगी झाला तर मात्रा जास्त. रंगच आला नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेला नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, साथ चालू असेल तर ०.५. उशिरा पाहिलेला रंग धरू नये, वेळ गेली की तो गडद होत जातो. तपासलेलं पाणी सांडून टाकायचं, प्यायचं नाही, भांड्यात परत ओतायचं नाही. रसायनाची बाटलीही उन्हात ठेवली की खराब होते आणि मग चांगलं पाणीसुद्धा रंगहीन दाखवते.

टाकीखाली ०.५ आणि शेवटी शून्य, याचा अर्थ मधल्या वाटेत काहीतरी क्लोरीन खातंय. तो खाणारा बहुतेक वेळा सांडपाणी असतो. गावाला दिवसातून तास-दोन तास पाणी मिळतं. उरलेल्या बावीस तासांत पाइप रिकामे. रिकाम्या पाइपात दाब उरत नाही आणि जिथे भेग आहे तिथून बाहेरचं पाणी आत येतं. घरगुती कनेक्शनच्या अर्ध्या इंची नळ्या नालीतूनच गेलेल्या असतात, एखादा जोड सायकलच्या ट्यूबनं बांधलेला असतो. व्हॉल्व्हचं चेंबर पावसानं काठोकाठ भरलेलं असतं आणि त्यात व्हॉल्व्हची ग्लँड सैल. पाण्याला दाब नाही म्हणून लोक अंगणात खड्डा करून नळ खाली नेतात, तोटी लावत नाहीत, खड्ड्यात ढोरांच्या पायधुणीचं पाणी साचतं आणि पुरवठा बंद झाला की तेच उलटं पाइपात ओढलं जातं. यात टिल्लू पंपाची भर. एका घरानं लाइनला मोटर जोडली की पुढच्या चार घरांचं पाणी तर जातंच, पण पाइपात ओढ तयार होऊन नालीतली घाण सगळ्यांच्याच लाइनमध्ये येते, मोटर लावणाऱ्याच्या माठातसुद्धा.

गळती शोधायला एक जुनी नजर पुरते. मे महिन्यात सगळं रान करपलेलं असताना पाइपलाइनच्या वाटेवर कुठे हिरवीगार हरळी दिसली तर तिथे खोदावं. पावसाळ्यात ही खूण मिटते, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकायचं. लाइनच्या टोकाला वॉशआउट हवा, म्हणजे साचलेला गाळ महिन्यातून एकदा बाहेर सोडता येतो. आणि पाणी आल्यावरची पहिली पाच मिनिटं नळ मोकळा सोडावा, ते पाणी झाडाला घालावं.

‘औषधाचा वास येतो’ ही तक्रार सगळीकडे असते. ती उडवून लावू नये. वास असह्य असेल तर मात्रा चुकली आहे. पण मंद वास येतो म्हणून टीसीएल बंद करणं म्हणजे रात्री भुंकतो म्हणून कुत्रा सोडून देणं. पाणी झाकून तासभर माठात ठेवलं की वास बराच उतरतो.

पाणी जास्त धोक्याचं होतं ते नळ बंद पडल्यावर. वीज गेली, बिल थकलं, मोटर जळली, की पावलं जुन्या विहिरीकडे वळतात. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचं पाणी पिऊन अतिसाराची साथ आली आणि माणसं दगावली. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी उकिरड्यावरून, हागणदारीतून वाहत या भेगांमधून सरळ खाली उतरतं, मातीनं गाळून घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिले पंधरा दिवस सगळ्यात वाईट. नळयोजना असली तरी जुनी विहीर बाद समजू नये, तिच्या औषधाची तयारी असावी. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग पाण्याच्या खोलीनं आणि शेवटी ७८५ नं गुणायचं. येतात ते लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम टीसीएल. निवळीची बादली दोरानं पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, गोल फिरवत ढवळायची. तासभर कोणी पाणी काढायचं नाही, म्हणून हे काम रात्री झालेलं बरं. पावसाळ्यात रोज. काही ठिकाणी अजून लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट टाकतात. पाणी गुलाबी दिसतं, पण त्याच्या भरवशावर राहण्यासारखं ते नाही.

इथवरचं सगळं जंतूंचं झालं. विदर्भाच्या पाण्याला दुसरीही एक बाजू आहे आणि तिथे टीसीएलचा काहीच उपयोग नाही.

आपल्याकडे पाण्याची परीक्षा जिभेवर आणि चुलीवर होते. ‘गोडं’ की ‘खारं’, दाळ शिजते की नाही, साबणाला फेस येतो की नाही. ही परीक्षा जड पाण्याला बरोबर पकडते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जिभेला एक घोट पुरतो, म्हणून तिथे वान धरणासारख्या दूरच्या ठिकाणाहून पाणी आणावं लागलं. पण यवतमाळमधल्या केळापूर, झरी जामणीकडच्या आणि चंद्रपूरच्या काही भागांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे आणि फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही. त्याहून वाईट असं की ज्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं त्यात फ्लोराइड जास्त विरघळून राहतं. कॅल्शियम कमी म्हणजे पाणी हलकं. म्हणून ज्या बोरिंगवर दाळ लवकर शिजते, साबण छान फेसाळतो आणि जिथून लोक मुद्दाम गुंड भरून नेतात, बऱ्याचदा त्याच बोरिंगमध्ये फ्लोराइड निघतं. चूल चांगलं म्हणते आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की मान, कंबर, गुडघे आखडतात. प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत.

ही बोरिंगं गावात आली ती भल्यासाठीच. १९७२ च्या दुष्काळानंतर हातपंपांचा मोठा प्रसार झाला. देशभर गेलेल्या इंडिया मार्क टू पंपाचं मूळ आपल्याच राज्यातल्या जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहे. पायविहिरीत उतरून पाणी भरण्यानं होणारा नारू हा कृमीचा रोग हटवायला या पंपांची मोठी मदत झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. खोलातलं पाणी जंतूंच्या बाबतीत पुष्कळ बरं होतं. खडकातलं काय काय त्यात उतरलंय, ते तपासायला मात्र उशीर झाला.

फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं शोधलेली नळगोंडा पद्धत आहे: तुरटी, चुना, ब्लिचिंग पावडर ठरलेल्या प्रमाणात घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. पद्धत चांगली, पण मात्रा प्रत्येक पाण्यासाठी वेगळी काढावी लागते, रोज तुरटी लागते आणि गाळाची विल्हेवाट लावावी लागते. फ्लोराइड शोषून घेणारे अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचे फिल्टर काही महिन्यांनी रसायनांनी पुन्हा जागे करावे लागतात, तो माणूस आला नाही की फिल्टर शोभेचा. म्हणून माझं मत असं की फ्लोराइडच्या गावात आधी दुसरा स्रोत शोधावा. त्याच गावातल्या उथळ विहिरीत पुष्कळदा प्रमाण कमी असतं. ती गाळ काढून, कठडा बांधून, झाकून, टीसीएल घालून फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी राखावी. बोअर धुण्याला, ढोरांना. बोअरवर लाल रंग मारून ‘पिण्यास अयोग्य’ लिहावं आणि कशासाठी चालेल तेही लिहावं, नाहीतर भर उन्हाळ्यात लोक ती पाटी वाचूनही तेच पाणी भरतात. गर्भार बाया आणि आठ वर्षांखालची लेकरं यांना सुरक्षित पाणी सर्वांत आधी, कारण पक्के दात याच वयात आतल्या आत घडत असतात. जेवणात कॅल्शियम वाढवावं. पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा त्यासाठी चांगला.

नायट्रेटही असंच छुपं. उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा, शेतातला युरिया यांतून ते विहिरीत उतरतं. मर्यादा ४५ मिलिग्रॅम. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला ते पाणी घातक ठरतं, उकळून दिलं तर अधिकच.

आता गावोगावी आरोचं एटीएम आलंय. नाणं टाका, वीस लिटरचा कॅन भरा. खारेपणा आणि फ्लोराइड आरो काढतं, यात शंका नाही. पण आरोच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तो आधीच कोळशाच्या फिल्टरमध्ये काढून टाकतात. बाहेर येतं ते क्लोरीन नसलेलं, उघडं पाणी. कॅन आतून बुळबुळीत असेल तर त्यात जंतू मजेत वाढतात. कॅन आठवड्याला टीसीएलच्या निवळीनं धुवायलाच हवा. मशीनमधून फेकलं जाणारं पाणी फ्लोराइडनं घट्ट झालेलं असतं, ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नये. आणि विकणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो तेव्हा लक्षात ठेवावं की तो आकडा एकूण क्षारांचा आहे. त्यात जंतू दिसत नाहीत, फ्लोराइड वेगळं दिसत नाही.

घरातलं थोडक्यात: माठ उंचावर, झाकलेला, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं. बोटं बुडवून भरलेला पेला टाकीपासून माठापर्यंतची सगळी मेहनत वाया घालवतो. खारपाणपट्ट्यात पाणी चार-आठ दिवसांनी येतं, ड्रममध्ये साठवतात. त्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत संपतो, तेव्हा आशाताईंकडची गोळी किंवा द्रावण बाटलीवरच्या मात्रेनं घालून अर्धा तास थांबावं.

जंतू आहेत का, हे गावातच कळतं. एचटूएसच्या छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, आत बोट लागू द्यायचं नाही, झाकण लावून घरातल्या उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेची घाण आहे. नळावर तपासणारी, दप्तर लिहिणारी माणसं गावात आहेत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्वच्छता सर्वेक्षण होतं, ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं.

रोजच्या ओटी टेस्टच्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, नळ कोणाच्या घरचा आणि आकडा एवढे चार रकाने पुरतात. नळ रोज बदलावा, पण आठवड्यातून दोनदा शेवटच्या वस्तीवरचा असावाच. महिनाभर एकाच शाईत ०.५, ०.५ लिहिलेलं रजिस्टर दिसलं तर ते खोलीत बसून भरलेलं आहे. खऱ्या रजिस्टरमध्ये अधूनमधून शून्य येतं. ते लिहिणाऱ्या जलसुरक्षकाला ग्रामसभेत झापलं तर पुढच्या आठवड्यापासून तोही ०.५ लिहायला लागेल. त्याला विचारायचं ते एवढंच की आदल्या नळाला किती होतं आणि मधला व्हॉल्व्ह कुठे आहे, म्हणजे सकाळी पाणी सुटायच्या आधी तिथे कुदळ घेऊन जाता येईल.